कोळगावची कचेरी कोणाची?

सरकारी इमारत वाचता आली पाहिजे. सत्ता माणसाला कुठे उभे करते, ते तिच्यात लिहिलेले असते. १९३१ साली उद्घाटन झालेल्या नव्या दिल्लीत इंग्रजांनी व्हाइसरॉयचे निवासस्थान आणि सचिवालय रायसीना टेकडीवर बांधले. प्रजेने मान वर करून पाहावे, हा त्या बांधणीचा अर्थ. आज राज्य लोकांचे आहे. म्हणूनच पालघरजवळ कोळगावला सिडकोने उभारलेले जिल्हा मुख्यालय तपासले पाहिजे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालयाचे उद्घाटन १९ ऑगस्ट २०२१ रोजी झाले. या योजनेत सुमारे ४४० हेक्टर शासकीय जमीन आली. तिच्या एका भागावर मुख्यालय, उरलेल्या भागावर सिडकोचे नवे शहर. बांधकामाचा खर्च त्या जमिनीतून भरून काढायचा. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे याच जिल्ह्यात उठवली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी इथेच गुंठ्यागुंठ्याचा पुरावा देतो. कचेरीला मात्र जमीन अशी सहज मिळते.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने पाणवठ्यांबरोबर सरकारी कचेऱ्याही अस्पृश्यांना खुल्या केल्या. कागदावर दार उघडले. पण दारापर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न उरलाच. आज तो मोखाड्याचा आहे. तिथून जव्हार, विक्रमगड, मनोर करीत पालघर गाठायचे. ठाण्यापेक्षा हे जवळ आहे, हे मान्य. तरीही दाव्याच्या सुनावणीसाठी जिल्ह्याला यावे लागले, की वीटभट्टीवरच्या कातकऱ्याचा रोज बुडतो. साहेब दौऱ्यावर असले तर दुसराही बुडतो. अस्पृश्यतेने जे काम केले, ते इथे अंतर आणि तारीख करतात.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के आदिवासी आहेत. जिल्हा त्यांच्या नावाने मागितला गेला. मुख्यालय मात्र डोंगरातल्या जव्हारला न होता रेल्वेच्या रुळाजवळ झाले. त्यामुळे या वास्तूची भव्यता तिच्या दर्शनी भागावरून ठरवणे हा अधिकाऱ्यांचा सौंदर्यविचार झाला. आपला निकष वेगळा आहे : शेवटच्या पाड्यावरचा माणूस एका खेपेत काम उरकून, मान ताठ ठेवून घरी परतला का?

वनहक्काच्या सुनावण्या आणि दाखले जव्हार-मोखाड्यात, ठरल्या वारी, ठरल्या वेळी झाले पाहिजेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी. नुसत्या अर्जदारांची रांग वाढवणारी इमारत कितीही देखणी असो, ती लोकशाहीची नव्हे.