‘श्यामची आई’ : संकटग्रस्त कुटुंब आणि गावाचा आधार

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या ग्रंथाचे विवेचन बहुधा मातृमहिम्याच्या अंगाने केले जाते. ते अयोग्य नाही. पण अपुरे आहे. बेचाळीस रात्रींच्या या कथनात कोकणातील एका खोत घराण्याची पडझड सांगितलेली आहे. पडत्या घराला गाव कोणता आधार देतो आणि कोठे हात आखडता घेतो, हा प्रश्न त्या पडझडीपासून वेगळा करता येत नाही.

या घरावर येणारी संकटे मुख्यतः दोन : आजार आणि कर्ज. आजारात माणसे धावून येतात. पहिल्याच रात्रीच्या कथेत अशक्त आईच्या वतीने श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो. पुढे तिच्या सूचनांनुसार स्वयंपाकही करतो. अखेरच्या दुखण्यात सखूमावशी येऊन शुश्रूषा करते. मथुरी कांडपीण तापाने पडली असता आई तिची काळजी घेते. या आधाराचा कोणी हिशेब मांडीत नाही. श्रम आणि अन्न हेच त्याचे चलन होय. मात्र हे श्रम प्रायः स्त्रियांचेच मानलेले आहेत. वडाला फेऱ्या घालताना श्यामला वाटणारी लाज हीच त्याची साक्ष होय.

कर्जापुढे ही साखळी तुटते. जप्तीची दवंडी पिटली जाते तेव्हा गाव केवळ प्रेक्षक उरतो. मूठभर धान्य शेजारी देऊ शकतो. सावकाराचे व्याज शेजारधर्माने फिटत नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. पण श्यामच्या कथेत ऋणकोसमोर सावकार, न्यायालय आणि अब्रू एवढीच उभी आहेत. परिणामी समाजव्यवस्थेच्या उणिवेचा सारा भार आईच्या सहनशीलतेवर पडतो, आणि तिचा त्याग जितका उदात्त, तितकाच अटळही वाटू लागतो. ग्रंथातील करुणरसाचे सामर्थ्य येथे आहे, आणि त्याचा धोकाही येथेच आहे.

जातीची मर्यादाही अशीच लक्षात घेण्याजोगी आहे. म्हाताऱ्या महार स्त्रीला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. पण नंतर स्नान करावयासही सांगते. करुणा रेषा ओलांडते, रेषा मात्र पुसत नाही. ही अपूर्णता लेखकाने झाकलेली नाही, हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. एका मुलाच्या हातून घडलेली गुप्त दया तेथे समाजाकडे केलेली उघड मागणी झाली.

ग्रंथाच्या रचनेकडे या दृष्टीने पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. श्याम आपले दुःख एकांतात आळवीत नाही. आश्रमातील सोबत्यांपुढे ते रोज रात्री थोडेथोडे सांगतो. ज्या मुलाला गावाने दवंडीच्या वेळी एकटे टाकले, त्याच्याभोवती येथे श्रोत्यांचा समूह जमतो. कथनाची ही चौकट केवळ सोयीची युक्ती नाही. कथेत जे उणे आहे त्याची ती भरपाई आहे. तथापि ऐकणाऱ्यांच्या अश्रूंनी कर्ज फिटत नाही. आईचे गुणगान करून थांबणारा वाचक ग्रंथाचा अर्धाच भाग वाचतो. तिला एवढे सोसावे का लागले, असे विचारणाऱ्यालाच तो पुरता उलगडतो.