‘शॅल्’ आणि ‘विल्’

‘शॅल्’ व ‘विल्’ ही दोन्ही क्रियापदे इंग्रजीत भविष्यकाळाची म्हणून शिकविली जातात. परंतु मुळात पहिल्याचा अर्थ ऋण वा बंधन, दुसऱ्याचा इच्छा. प्रथमपुरुषी ‘शॅल्’ने भाकीत व ‘विल्’ने निश्चय, इतर पुरुषी याच्या उलट, हा नियम जॉन वॉलिस याने १६५३ सालच्या आपल्या व्याकरणात मांडला. आज बोलण्यात बहुधा ‘विल्’च चालते, तेव्हा तो नियम घोकण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. मात्र कायद्यात ‘शॅल्’चा मूळ अर्थ जिवंत आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षण देण्याविषयीच्या २००२ सालच्या घटनादुरुस्तीत ‘शॅल्’च आहे. त्याचे भाषांतर नुसते ‘देईल’ असे केल्यास राज्याच्या कर्तव्याचे भाकीत होते. ‘दिलेच पाहिजे’ असे म्हणावे, हे आमचे मत.