हार्टवेल हाउस : आधार व आधेय

इंग्लंडांत बकिंगहॅमशायर परगण्यांत एल्सबरी गांवाजवळ हार्टवेल हाउस नांवाचा जुना वाडा आहे. फ्रान्सचा परागंदा राजा अठरावा लुई इ. स. १८०९ पासून १८१४ पर्यंत येथें राहिला, आणि १९८९ पासून येथें हॉटेल चालू आहे. प्रवाशांस वाड्याची ओळख या दोन गोष्टींनीं होते. परंतु संशोधकास त्याचें महत्त्व मधल्या काळांत आहे, व त्याचें मुख्य साधन म्हणजे ॲडमिरल विल्यम हेन्री स्मिथ यांचा ‘ईडीज हार्टवेलिआनी’ (१८५१) हा ग्रंथ होय.

त्या वेळीं वाड्याचे धनी डॉ. जॉन ली हे होते. ज्योतिष, नाणीं, मिसर देशांतील पुराणवस्तु व पौर्वात्य हस्तलिखितें यांचा त्यांस मोठा व्यासंग. त्यांनीं येथें वेधशाळा उभारली. १८५० सालीं ब्रिटिश हवामानसंस्थेची स्थापना याच वाड्याच्या ग्रंथालयांत झाली. स्मिथ हे लींचे स्नेही व शेजारी. त्यामुळें ग्रंथांत स्तुति सढळ आहे, विषयांतरेंहि बरींच आहेत. हे दोष मान्य करूनहि त्याचा एक गुण दुर्मिळ म्हणावा लागतो : वास्तु व वस्तु यांचें वर्णन त्यानें एकत्र केलें आहे.

ली १८६६ सालीं वारले. मिसरी संग्रह लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्याकडे गेला व १९२१ च्या लिलांवांत विखुरला. स्मिथ यांची दुर्बीण लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत आहे. वाडा १९३८ त अर्नेस्ट कुक यांनीं घेतला. पुढें तेथें लष्कर, मग मुलींची शाळा व शेवटीं हॉटेल आलें. २००८ मध्यें तो नॅशनल ट्रस्टकडे गेला.

हॉटेलास बोल लावणें न्यायाचें नाहीं. विसाव्या शतकांत इंग्लंडांत असे शेंकडों वाडे जमीनदोस्त झाले. हा उपयोगांत राहिला म्हणून टिकला. परंतु नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर येथें आधार राहिला, आधेय गेलें, आणि उभयतांचा संबंध केवळ ग्रंथांत उरला. स्मिथ यांनीं हें टांचण केलें नसतें, तर आज त्या ग्रंथालयांत बसून चहा घेणारास तें एक सुंदर दालन एवढेंच वाटलें असतें.

आपल्या संग्राहकांनींहि एवढा बोध घ्यावा. पोथी हातीं आली कीं ती कोणाच्या घरांतून व कोणत्या रुमालांतून निघाली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. पोथी पुन्हां विकली जाईल, घरहि दुसऱ्याचें होईल. त्या दोन ओळी मात्र मागाहून कोणासहि लिहितां येणार नाहींत.