पाचाचा पाढा आणि हिंजवडी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "कंपन्या आल्या, हिंजवडीचं भलं झालं, यात वाद कसला?" वीस वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणत होतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी २०१२च्या 'द न्यू जिऑग्रफी ऑफ जॉब्ज' या पुस्तकात मांडलं, की महानगरात उच्च तंत्रज्ञानाची एक नोकरी आली की कालांतरानं तिच्यामागे आणखी पाच उभ्या राहतात. वकील, शिक्षक, वेटर, न्हावी असे. हा हिशेब अमेरिकेतल्या महानगरांचा. आपण तो उचलून गावाला लावतो, घोटाळा इथे होतो. महानगराला मिळालेलं गावाला मिळालंच, असं कुठून आलं?

आम्ही तत्त्वज्ञानवाले, आकड्याआधी शब्द तपासतो. 'स्थानिकांना फायदा' यातला स्थानिक कोण? कंपनी येण्याआधी तिथे राहणारा, की आल्यानंतर राहायला आलेला? सरासरी उत्पन्न वाढलं म्हणताना माणसंच बदललेली असतात, हे आपण विसरतो.

आता जमिनीचं बघा. पोळी-भाजीची खानावळ चालवणाऱ्या बाईंचं गिऱ्हाईक वाढतं खरं, पण गाळ्याचं भाडंही वाढतं. वाढलेल्या मिळकतीचा मोठा वाटा शेवटी जमीनमालकाच्या पदरात पडतो. रिकार्डोनं १८१७ सालीच शेतीच्या खंडाबद्दल असा विचार केला होता. हिंजवडीत एमआयडीसीनं जमीन संपादित केली. मोबदला एकदा मिळाला, पुढची भाववाढ इतरांची. आणि इतक्या कंपन्या येऊनही गावचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्याच खांद्यावर राहिला. संध्याकाळी त्या रस्त्यावर अडकलात की यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो!

याउलट हडपसरजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. तिथेही आयटी कंपन्या आल्याच की. फरक एवढाच, की भाववाढीत मूळ मालक टिकून राहिले.

पण या उदाहरणाचाही फार जयघोष नको. ती मंडळी नात्यागोत्यानं बांधलेली, शहराला खेटून, आणि सगळे जमीनधारक. त्याच शेतांवर रोजानं राबणाऱ्यांकडे कंपनीत घालायला काहीच नव्हतं. त्यांना ना मोबदला, ना भाग. पाचातल्या कुठल्या नोकरीत ते बसले, हे आधी विचारा.