‘गाझी’ बोलपटांतील निर्वासित : एक परीक्षण

अस्सल पत्र, नक्कल व बखर यांचें मोल निरनिराळें असतें, हें आमच्या संग्राहक वाचकांस सांगणें नलगे. तीच कसोटी संकल्प रेड्डी यांच्या २०१७ सालच्या ‘गाझी’ या बोलपटास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो तेलुगु व हिंदी अशा दोन भाषांत निघाला, व उत्कृष्ट तेलुगु चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला.

कथा अशी : १९७१ सालीं ‘एस २१’ ही भारतीय पाणबुडी गुप्त कामगिरीवर निघते. पाकिस्तानच्या ‘गाझी’नें बुडविलेल्या व्यापारी जहाजावरील पूर्व बंगालची एक तरुणी व एक लहान मुलगी यांस तिच्यावरील अधिकारी वांचवितो, अखेरीस हीच पाणबुडी ‘गाझी’स जलसमाधि देते.

साधार वृत्त निराळें आहे. ‘गाझी’ ३-४ डिसेंबरच्या रात्रीं विशाखापट्टणजवळ बुडाली. भारतीय आरमार त्याचें श्रेय ‘राजपूत’ या विनाशिकेस देतें. पाकिस्तान अपघाती स्फोट हें कारण सांगतें. ‘एस २१’ हा क्रमांक ‘करंज’ पाणबुडीचा, आणि ती त्या युद्धांत पश्चिम समुद्रांत होती. या बुडण्यासंबंधींचे आरमारी कागद नष्ट केले गेल्याचें २०१० सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. म्हणजे कागद गेले, आणि त्यांच्या जागीं बखर आली!

तथापि कल्पित प्रसंग घातला, एवढ्यावरून आम्ही बोलपटास दोष देत नाहीं. पाणबुडींतील कोंडलेपण त्यानें उत्तम दाखविलें आहे; अतुल कुलकर्णी यांचें संयत काम तर विशेष वाखाणण्याजोगें. आमचा आक्षेप निराळाच आहे. सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले, हें त्या युद्धाचें एक मुख्य कारण. आणि येथें त्यांची प्रतिनिधि असलेली तरुणी जवळजवळ मुकीच राहते. तिला वांचविलें, पण बोलूं दिलें नाहीं.

संभाजीनगरच्या वाचकांस हें परकें वाटूं नये. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें मराठवाड्यांतील अनेक कुटुंबें घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेलीं. त्यांचीं पत्रें कोणाच्या पेटींत असल्यास तीं आजच जपावीं. नाहीं तर त्यांच्या वतीनेंही उद्यां बोलपटच बोलेल.