हॉकविंडचे बदलते अवतार

‘सिल्व्हर मशीन’ हे गाणं १९७२ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि हॉकविंडच्या कपाळी ‘स्पेस रॉक’चा शिक्का बसला तो कायमचाच. शिक्का खरा आहे, पण अपुरा. पन्नासहून अधिक वर्षं चाललेल्या या बँडमध्ये रस्त्यावरची लोकगीतं, जर्मन प्रयोग, हेवी मेटल, न्यू वेव्ह, टेक्नो असं सगळंच येऊन गेलं. यातलं फारच थोडं ठरवून झालं. नवा वादक यायचा, आपली आवड सोबत आणायचा आणि बँडचा नूर पालटायचा.

संस्थापक डेव्ह ब्रॉक लंडनच्या रस्त्यांवर गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवून पैसे मिळवायचा. १९६९ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह या हिप्पींच्या वस्तीत त्याने बँड जमवला. १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात ‘हरी ऑन सनडाउन’ने होते आणि त्यात तो रस्त्यावरचा ब्लूज जसाच्या तसा ऐकू येतो. अंतराळ आणलं ते डिक मिकने. त्याच्यापुढे असायचा ऑडिओ जनरेटर, म्हणजे मुळात प्रयोगशाळेत शोभणारं यंत्र. त्यातून तो शिट्ट्या, घरघर, हुंकार काढायचा. पुढच्याच वर्षीच्या ‘इन सर्च ऑफ स्पेस’मध्ये बासवर होता डेव्ह अँडरसन, जर्मनीच्या आमोन ड्यूल टू या बँडमधून आलेला. म्हणजे जर्मन धागा नुसत्या तर्काचा नाही. ‘यू शुडन्ट डू दॅट’ पंधरा मिनिटांच्या आसपास चालतं आणि जवळजवळ एकाच जागी ठाण मांडून बसतं. आपल्या कानाला ते फार परकं वाटू नये. तानपुऱ्यासारखा एक सूर खाली अखंड धरलेला आणि त्यावर निक टर्नरचा सॅक्सोफोन वाट फुटेल तिकडे हिंडणारा.

मग लेमी आला. त्याने तोवर बास वाजवला नव्हता, म्हणून तो ऱ्हिदम गिटारसारखाच बडवायचा. या अडाणीपणातून जो आवाज निघाला, त्यावर १९७३ चा ‘स्पेस रिचुअल’ उभा आहे. डिसेंबर १९७२ मध्ये लिव्हरपूल आणि ब्रिक्स्टनला ध्वनिमुद्रित झालेला हा दुहेरी अल्बम म्हणजे अर्धी मैफल आणि अर्धं नाटक. बार्नी बबल्सची चित्रकल्पना, स्टेशियाचं नृत्य, रॉबर्ट कॅल्व्हर्टचं काव्यपठण, विज्ञानकथाकार मायकेल मूरकॉकची संहिता. वादनातलं कसब बेताचं, पण झपाटा असा, की उसंत म्हणून मिळत नाही.

१९७४ मध्ये सायमन हाउसचं व्हायोलिन आणि मेलोट्रॉन आलं आणि दगडधोंड्यांच्या या संगीताला भव्यतेची झालर लागली. ‘वॉरियर ऑन द एज ऑफ टाइम’ (१९७५) मधलं ‘ओपा-लोका’ मात्र सरळ जर्मन चालीवर धावतं. त्याच वर्षी कॅनडाच्या सीमेवर अमली पदार्थांच्या संशयावरून लेमीला अटक झाली आणि बँडने त्याला काढून टाकलं. हॉकविंडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचं नाव, ‘मोटरहेड’, त्याने आपल्या नव्या बँडला दिलं. पुढचा इतिहास मेटलवाल्यांना पाठ आहे.

पंकच्या लाटेत प्रोग्रेसिव्ह रॉकची बडी घराणी हास्यास्पद ठरली. हॉकविंड तरलं, कारण वादनातल्या कसरतींवर त्याची मदार कधीच नव्हती. सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन त्यांचा चाहता होता, आणि २००२ च्या लंडनमधल्या मैफलीत त्याच्या बँडने ‘सिल्व्हर मशीन’ वाजवलं. १९७७ चा ‘क्वार्क, स्ट्रेंजनेस अँड चार्म’ हा कॅल्व्हर्टचा अल्बम. गाणी आटोपशीर, शब्द मिश्कील, विज्ञान आणि प्रेम यांची थट्टा एका दमात. शीर्षकगीताला न्यू वेव्हची चाहूल स्पष्ट लागते. रसिकांनी या अल्बमला द्यायला हवं तेवढं श्रेय अजून दिलेलं नाही.

ऐंशीचं दशक मात्र बरंचसं ओढूनताणून निभावलेलं. ‘लेव्हिटेशन’ (१९८०) वर जिंजर बेकरसारखा ड्रमर लाभला, पण नंतर मेटलचा साचा तेवढा उरला. ‘चूज युअर मास्क्स’ थकलेला वाटतो. ‘क्रॉनिकल ऑफ द ब्लॅक स्वोर्ड’ला (१९८५) मूरकॉकच्या एल्रिकच्या कथेने सावरलं.

‘इलेक्ट्रिक टीपी’ (१९९२) आणि पुढच्या वर्षीचा अल्बम काढताना बँडमध्ये तिघंच उरले होते. तेव्हा त्यांनी सिंथेसायझरकडे मोर्चा वळवला आणि टेक्नोच्या मागे धावल्याचा ठपका त्यांच्यावर आला. तो अन्यायाचा आहे. स्टोनहेंजच्या मोफत उत्सवांत हॉकविंड वाजवत असे, आणि पुढे माळरानांवर रेव्ह पार्ट्या भरवणाऱ्यांतही त्या उत्सवांना येणाऱ्या भटक्या जमातीतले लोक होते. डिक मिकच्या यंत्राची घरघर नव्या नाचऱ्यांपर्यंत पोहोचली, इतकंच.

२०१८ मध्ये माइक बॅटच्या वाद्यवृंदासह जुनी गाणी पुन्हा सजवली, तो प्रयोग गुळमुळीत झाला. ही गाणी राकट आहेत तोवरच जिवंत वाटतात. त्याआधीचा ‘द मशीन स्टॉप्स’ (२०१६), ई. एम. फॉर्स्टरच्या कथेवरचा, जास्त सकस आहे. नव्या श्रोत्याने ‘स्पेस रिचुअल’ थोडा लांबवावा. आधी ‘क्वार्क’ ऐकावा, मग ‘वॉरियर’, आणि ‘रिचुअल’साठी दीड तासाची सवड काढून आवाज मोठा ठेवावा.