विहिरीतला पाव आणि वेदीवरची भाकर

वसईच्या किनारपट्टीत, कळंब-निर्मळच्या परिसरात, धर्मांतराची एक दंतकथा सांगितली जाते. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला. नकळत ते पाणी प्यालेले लोक बाटले, जातीबाहेर पडले आणि ख्रिस्ती झाले. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता हे खरे. कथेला मात्र पुरावा मानण्याचे कारण नाही. तिच्यामागचे तर्कशास्त्र तपासले पाहिजे. पावाच्या तुकड्याने माणूस समाजातून उठतो, हा विश्वास पोर्तुगीजांचा नव्हे, आपल्या जातिव्यवस्थेचा. १९२७ साली महाडचे चवदार तळे आमच्या स्पर्शाने ‘बाटले’ आणि शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ झाले, ते याच तर्काने.

विहिरीत माणसे तोडणारा हा पाव वेदीवर माणसे जोडण्याचे प्रतीक होतो. मराठी बायबलने त्यासाठी ‘भाकर’ हा शब्द घेतला. मिस्सामध्ये धर्मगुरू भाकर मोडतो, द्राक्षारसाचा प्याला उचलतो: मोडलेले शरीर, सांडलेले रक्त. आमच्या कानी मात्र या शब्दाची आठवण वेगळी आहे. येसकराने दारोदार हाक देऊन गोळा केलेली शिळी भाकर! ती वरून टाकली जाई. देणारा व घेणारा एका पंगतीत कधी बसत नसत. वेदीवरची भाकर या अनुभवाला तत्त्वतः नकार देते. भाकर एक, म्हणून खाणारे सारे एक शरीर, असे पौल करिंथकरांना बजावतो.

पण त्याच पत्रात त्याची तक्रारही आहे. श्रीमंत आधी जेवून घेतात, गरीब उपाशी राहतात. अशा जेवणाला तो प्रभुभोजन म्हणायला तयार नाही. प्याल्याचीही तीच गत झाली. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने तो सामान्य भाविकांना नाकारला आणि बोहेमियातील हुसपंथीय त्यासाठी लढले. भाकरीचे खरोखर शरीर होते की ती केवळ आठवण, या वादात युरोपातील पंथ शतकानुशतके गुंतले. आम्हाला पौलाचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: पंगतीला कोण आहे?

वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावे बाप्तिस्म्यानंतरही टिकली. दक्षिणेत अनेक ठिकाणी दलित ख्रिस्त्यांच्या वाट्याला वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी आली. वेदीवर भाकर एक. सोयरीक मात्र जातीत.

याला हसण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. एकत्र वंदना घेऊन घरी आल्यावर मुलीचे स्थळ पोटजातीतच शोधणाऱ्यांनी करिंथकरांना लिहिलेले ते पत्र आपल्याच पत्त्यावर आले आहे, असे समजून वाचावे.